स्ले द स्पायरमध्ये कंट्रोल डेक बनवताय? मग या चुका टाळा

भाचा दर रविवारी वडोदऱ्यातल्या मांजलपूरहून आमच्याकडे दांडिया बाजारला येतो, सेव-उसळीचं पार्सल ओट्यावर ठेवतो आणि चप्पल काढायच्या आधीच मोबाइल माझ्या नाकासमोर धरतो. "मामा, परत मेलो." परत म्हणजे दुसऱ्या अ‍ॅक्टच्या बॉसकडे (अ‍ॅक्ट म्हणजे गेमचा टप्पा, बॉस म्हणजे त्याच्या शेवटचा मोठा शत्रू), आणि मरायचं कारणही दर वेळी तेच. त्याच्या ग्रुपमधल्या पोरांचंही तेच. म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं हे पाठवलं की झालं आणि माझी उसळ गरम असताना पोटात जाईल.

स्ले द स्पायर हा कार्डांनी लढायचा गेम, जुना आहे, २०१९ चा. डेक म्हणजे आपण जमवलेला कार्डांचा गठ्ठा. कंट्रोल डेक म्हणजे आपण घाईने मारायला धावत नाही. आधी बॉसचा मार अडवायचा, त्याला कमजोर करायचं, आपली मोठी कार्डं बसू द्यायची आणि मग हिशेब चुकता करायचा. ऐकायला शांत माणसाचं काम वाटतं ना? पण हा डेक खेळणारे निम्मे लोक भयंकर उतावळे असतात.

दिसलं कार्ड की उचल

ही माझी सगळ्यात नावडती चूक. प्रत्येक लढाईनंतर तीन कार्डं समोर येतात, त्यातलं एक घ्यायचं, पण खाली ते सोडून द्यायचं बटणही असतं हे नव्या पोरांना माहीतच नसतं, आणि माहीत असलं तरी फुकटचं सोडवत नाही. लग्नाच्या बुफेत पहिल्यांदा ताट घेतलेला माणूस कसा पनीरवर ढोकळा आणि ढोकळ्यावर जिलबी रचतो, तसा यांचा डेक.

भाच्याचंच सांगतो. आयर्नक्लॅड (गेममधलं एक पात्र) घेतलेला, म्हणजे सुरुवातीला १० कार्डं. दुसऱ्या अ‍ॅक्टच्या शेवटी झाली होती ३४. त्यात बॅरिकेड मिळालेलं, ज्याने टर्न संपल्यावर ब्लॉक, म्हणजे मार अडवणारी ढाल, उडून जात नाही, शिवाय ब्लॉक दुप्पट करणारं एन्ट्रेंच, आणि जेवढा ब्लॉक तेवढा मार देणारं बॉडी स्लॅम. सोन्यासारखा डेक हो! पण हातात येतात दर टर्नला ५ कार्डं. ३४ कार्डांचा गठ्ठा एकदा पूर्ण बघायला सात टर्न लागतात. आणि समोर होता ब्रॉन्झ ऑटोमॅटन, जो सहाव्या टर्नला हायपर बीम मारतो. मूळ मार ४५, त्याआधी दोनदा तो स्वतःची स्ट्रेंथ (प्रत्येक फटक्यात मिळवली जाणारी ताकद) ३-३ ने वाढवतो, म्हणजे एका फटक्यात ५१.

आता गंमत बघा. ऑटोमॅटन पहिल्याच टर्नला दोन गोळे बोलावतो आणि ते गोळे तुमचं एकेक कार्ड पळवतात, तेही सगळ्यात दुर्मीळ असलेलं. भाच्याच्या डेकमधलं दुर्मीळ कार्ड कोणतं? बॅरिकेड. ते गोळ्याच्या पोटात दिसत होतं, अक्षरशः स्क्रीनवर चित्र दिसत होतं, आणि हा पठ्ठ्या पुढच्या टर्नला येईल, पुढच्या टर्नला येईल म्हणत वाट बघत बसला होता. गोळा फोडला की कार्ड परत मिळतं, गोळ्याचे एचपीही (म्हणजे जीव) पन्नासच्या आसपासच. पण तो सगळा मार ऑटोमॅटनवरच टाकत होता. सहावा टर्न आला, बीम आला, उसळ गार झाली.

माझी सवय सांगतो, नियम नाही. पहिला अ‍ॅक्ट संपेपर्यंत मी कसलीही कार्डं घेतो, कारण तेव्हा जगायचं असतं. त्यानंतर प्रत्येक कार्ड बघून एकच प्रश्न: हे बॉससमोर हातात आलं तर मला बरं वाटेल का? नाही, तर सोडून द्यायचं. आणि दुकान लागलं की आधी स्ट्राइक, म्हणजे सुरुवातीचं साधं माराचं कार्ड, काढून टाकायचं. पहिल्यांदा ७५ सोनं लागतं, नंतर दर वेळी २५ ने वाढतं, तरी मी काढतोच. बावीस-तेवीस कार्डांच्या वर गेलो की मला दमल्यासारखं होतं.

नुसता ब्लॉक, मारणार कोण?

कंट्रोल म्हणजे ढाल घेऊन बसून राहायचं असा समज आहे. तिन्ही चाव्या जमवून शेवटच्या करप्ट हार्टपाशी गेलात की हा समज उतरतो. त्याचे एचपी ७५०, एका टर्नमध्ये ३०० च्या वर मार लागूच देत नाही, आणि तुम्ही खेळलेल्या प्रत्येक कार्डामागे तुम्हाला एक टोला बसतो. पहिल्या टर्नला तो तुम्हाला सगळ्या बाजूंनी कमजोर करतो, नंतर दोन टर्न मारतो आणि एक टर्न स्वतःला वाढवतो, हे चक्र चालूच. चौथ्या वाढीला नेहमीच्या २ शिवाय १० स्ट्रेंथ, पाचव्याला ५०. त्याचा एक हल्ला २ चा, पण बारा वेळा पडतो. चौथ्या वाढीनंतर तोच २० चा होतो, म्हणजे २४०. अडवा आता. तुमच्या डेकमध्ये दहाव्या टर्नच्या आसपास त्याला संपवणारं काय आहे ते बोट ठेवून दाखवता येत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊच नका.

टाइम ईटर, आणि माझी फजिती

ही चूक माझी स्वतःची, त्यामुळे जरा जास्त लिहितो.

उत्तरायणचा दिवस. सगळं घर गच्चीवर, कानाशी 'काप्यो छे'चा कल्ला, आणि मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून सायलेंट (दुसरं एक पात्र) खेळतोय. डेक मस्त जमलेला. फुटवर्कमुळे ब्लॉक वाढलेला, नॉक्शस फ्यूम्स दर टर्नला आपोआप विष चढवतंय. समोर तिसऱ्या अ‍ॅक्टचा टाइम ईटर, एकूण ४५६ एचपी. तो २४० वर आला, अंगावर विष १८ (म्हणजे त्याच्या टर्नला तेवढे एचपी कमी), आणि माझ्या हातात कॅटलिस्ट आलं, जे विष दुप्पट करतं. मी विचारच केला नाही. टाकलं. ३६ झालं. मेव्हण्याला हाक मारून दाखवलंसुद्धा.

पण टाइम ईटर निम्म्याच्या खाली गेला की एकदा स्वतःला सावरतो: एचपी परत निम्म्यावर आणि अंगावरचं सगळं वाईट साफ. विष धरून. निम्मे म्हणजे २२८. विषाने तो २०४ वर गेला, मग अजून खाली, आणि मग त्याने ती चाल केली. परत २२८, विष शून्य. कॅटलिस्ट एकदा वापरलं की त्या लढाईपुरतं संपतं. त्याच क्षणी शेजारच्या गच्चीने आमचा पतंगही कापला, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही.

आता मी काय करतो, तर त्याला निम्म्याच्या जरा वर आणून थांबतो, मग साध्यासुध्या कार्डांनी थोडंसं खाली ढकलतो, त्याला सावरू देतो आणि त्यानंतर भारी माल बाहेर काढतो. ही चाल तो एकदाच करतो. दुसऱ्या अ‍ॅक्टचा चॅम्पही निम्म्यावर आला की असंच सगळं झटकतो आणि वर चिडतो, तेव्हा तिथेही हेच.

आणि त्याची दुसरी खोड: तुम्ही बारा कार्डं खेळलीत की तुमचा टर्न तिथल्या तिथे बंद आणि त्याला २ स्ट्रेंथ. मोजणी टर्न बदलला तरी पुढे चालू राहते. ब्लेड डान्सवाल्यांनी, म्हणजे एका टर्नमध्ये धडाधड चिल्लर कार्डं टाकणाऱ्यांनी, इथे रडायची तयारी ठेवावी. आकडा स्क्रीनवर दिसतो, पण मी आजीसारखा बोटांच्या पेरांवर मोजतो, चार बोटांची बरोब्बर बारा पेरं. अंगठा करंगळीच्या शेवटच्या पेरावर यायच्या आधी ब्लॉक टाकून झालेला असला पाहिजे. भाचा हसतो. हसू दे.

बाकीच्या, पटापट

बॉस कोण आहे ते अ‍ॅक्टच्या सुरुवातीलाच नकाशाच्या वर दिसतं. बघा तरी!

अवेकन्ड वन हा बॉस समोर असेल तर पॉवर कार्डं (एकदा टाकली की लढाईभर असर राहणारी) हात राखून खेळा, पहिल्या रूपात तो प्रत्येक पॉवरमागे स्ट्रेंथ वाढवतो.

पहिल्या अ‍ॅक्टमधल्या हेक्साघोस्ट बॉसचा पहिला हल्ला तुमच्या एचपीवर ठरतो. ८० असतील तर ४२ चा बसतो, ३० असतील तर १८ चा. त्यामुळे त्याच्या आधीच्या शेकोटीवर (तिथे झोपून एचपी भरता येतात किंवा कार्ड सुधारता येतं) घाबरून झोपण्यापेक्षा मी बहुतेक वेळा कार्ड सुधारून घेतो.

पोशन साठवून मरू नका. साध्या लेव्हलला पहिल्या दोन बॉसनंतर एचपी पूर्ण भरतात, मग कोणासाठी ठेवताय?

यूट्यूबवरचा डेक जसाच्या तसा बनत नाही, त्याला मिळालेली कार्डं तुम्हाला मिळणार नाहीत.

आणि ते हरायला आलं की गेम बंद करून परत उघडायचं, लढाई पहिल्यापासून. चालतं, मान्य. पण भाच्याने ऑटोमॅटनशी असं अकरा वेळा केलं आणि अकरा वेळा गोळ्याकडे बघितलं नाही.

काल त्याचा मेसेज आला. ऑटोमॅटन मेला, डेक २३ कार्डांचा. लगेच खाली दुसरा, तिसऱ्या अ‍ॅक्टच्या नकाशाचा फोटो, वर टाइम ईटरचं चित्र. मी उत्तरात फक्त माझ्या पंज्याचा फोटो पाठवला.