क्रॅशच्या पत्त्यावरून सोर्समधली ओळ कशी काढावी: ड्वार्फ स्वतः वाचणाऱ्यांसाठी

एखाददुसरा पत्ता तपासायचा असेल तर पुढे वाचू नका. ‘अ‍ॅडर२लाइन’ला ‘-ई’ने फाइल द्या, ‘-एफ’ आणि ‘-आय’ लावा, पत्ता टाका, उत्तर घ्या आणि जेवायला जा. सर्व्हरवर चालणारं मोठं टूल करायचं असेल तर पायथॉनची पायएल्फटूल्स, रस्टची गिमली नाहीतर सीमधली लिबडीडब्ल्यू घ्या. हौस म्हणून पार्सर लिहून तो प्रॉडक्शनला लावणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पण लायब्ररी बसवताच येत नाही अशा जागा असतात. अंबड एमआयडीसीतून आम्ही कोल्ड स्टोरेजचे कंट्रोलर पाठवतो. ते पिंपळगाव बसवंत, दिंडोरी, ओझर या पट्ट्यात बसतात. द्राक्षाच्या हंगामात कंट्रोलर रीस्टार्ट झाला की जाता जाता एसएमएसवर दोन आकडे टाकतो, पीसी (त्या क्षणी चालू असलेल्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता) आणि एलआर (परतीचा पत्ता). ते वाचायचे असतात टेस्ट जिगच्या, म्हणजे कंट्रोलर तपासायच्या मांडणीच्या, कॉम्प्युटरवर. त्याला इंटरनेट नाही आणि त्यावर काही इन्स्टॉल करायलाही आयटीवाले परवानगी देत नाहीत. साधा पायथॉन आहे, तेवढाच. अशा वेळी ड्वार्फ, म्हणजे कोणता पत्ता सोर्सच्या कोणत्या ओळीचा हे सांगणारी कंपाइलरने फाइलमध्ये घातलेली डीबग माहिती, स्वतः वाचावी लागते, आणि ती वाचता येते.

सगळ्यात आधी एक वाईट सल्ला बाद करू. डीबग माहिती छापून दाखवणाऱ्या ‘रीडएल्फ’चं आउटपुट टेक्स्ट फाइलमध्ये घ्यायचं आणि रेग्युलर एक्स्प्रेशनने फोडायचं, असं नवीन मुलांना हमखास कोणीतरी सांगतं. करू नका. ते आउटपुट माणसाने वाचण्यासाठी आहे. ‘-डब्ल्यू’ नसेल तर लांब फाइलनावं छाटली जातात, आणि बिनयुटिल्सची (ही टूल्स ज्यात येतात त्या संचाची) आवृत्ती बदलली की रकानेही बदलू शकतात. मूळ बाइट वाचणं त्यापेक्षा सोपं आहे.

योग्य फाइल हातात घेणे

डिव्हाइसमध्ये जी बायनरी जाते तिच्यात डीबग माहिती नसते. ‘-जी’ लावून बिल्ड केलेली, स्ट्रिप न केलेली (म्हणजे डीबग माहिती न काढलेली) ईएलएफ फाइल, म्हणजे लिंकर बनवतो ती मूळ फाइल, लागते, आणि तीही त्याच बिल्डची. नंतर पुन्हा कंपाइल केलेली चालणार नाही. लिंकरला बिल्ड-आयडी (त्या बिल्डची ओळख पटवणारा क्रमांक) घालायला सांगा आणि प्रत्येक रिलीजची ईएलएफ त्या आयडीच्या नावाने जपून ठेवा.

‘.ओ’ फाइलवर प्रयोग करू नका. तिच्यात डीबग सेक्शनचे पत्ते रिलोकेशनची, म्हणजे लिंकर खरे पत्ते भरेल याची, वाट बघत बसलेले असतात. थेट वाचलेत तर बऱ्याच ठिकाणी नुसती शून्यं मिळतील आणि पार्सर बिघडला असं वाटेल. लिंक झालेली फाइल घ्या.

सेक्शन शोधणे

पहिले चार बाइट ७एफ ४५ ४सी ४६. पाचवा बाइट १ असेल तर ३२ बिट, २ असेल तर ६४. सहावा १ असेल तर लिटल एंडियन. तिथून सेक्शन हेडर टेबल, नावांची टेबल, आणि ‘.डीबग_लाइन’, ‘.डीबग_लाइन_एसटीआर’, ‘.डीबग_इन्फो’, ‘.डीबग_अ‍ॅब्रेव्ह’, ‘.डीबग_एसटीआर’ हे सेक्शन उचला. सेक्शनच्या फ्लॅग्जमध्ये २०४८चा बिट लागलेला असेल तर सेक्शन कॉम्प्रेस केलेला आहे: आधी छोटं हेडर, मग झेडलिब किंवा झेडस्टँडर्डचा डेटा. हा बिट न बघता पुढे गेलात तर पहिल्याच लांबीच्या आकड्याला कचरा मिळेल.

लेब१२८

आकडा लागेल तेवढ्याच बाइटमध्ये लिहिण्याची ही पद्धत. वाचणं वीस ओळींचं काम. प्रत्येक बाइटचे खालचे सात बिट घ्या, वरचा बिट लागलेला असेल तोवर पुढे वाचत जा, लहान भाग आधी येतो. ६२४४८५ हा आकडा ई५ ८ई २६ असा लिहिला जातो. तपासायला हे उदाहरण पुरे. चिन्हवाला आणि बिनचिन्हाचा असे दोन वेगळे फंक्शन लिहा, कारण एकटा ७एफ बाइट एकात १२७ असतो आणि दुसऱ्यात उणे १.

लाइन टेबल, जिथे सगळे अडकतात

मी इथे बराच काळ अडकलो होतो, म्हणून इथे सावकाश जाऊ.

‘.डीबग_लाइन’मध्ये ‘पत्ता–ओळ’ अशी यादी असेल असं सगळ्यांना वाटतं. तिथे यादी नाही, एक छोटा प्रोग्रॅम आहे. तो तुम्ही चालवायचा आणि यादी त्यातून बाहेर पडते. पत्ता, फाइल, ओळ, कॉलम अशी काही रजिस्टर असतात. प्रत्येक ऑपकोड त्यातलं काहीतरी बदलतो आणि काही ऑपकोड ‘आताची स्थिती एक ओळ म्हणून नोंदव’ असं सांगतात. सुरुवातीला पत्ता ०, फाइल १, ओळ १.

आधी हेडर, आणि हेडरमध्ये आधी आवृत्ती. ड्वार्फची दुसरी आवृत्ती १९९३ची, तिसरी २००५, चौथी २०१० आणि पाचवी २०१७ची. जीसीसी ११ आल्यापासून, म्हणजे २०२१पासून, काही न सांगता पाचवीच मिळते. नेटवरचे बरेचसे जुने लेख चौथी धरून लिहिलेले आहेत. त्यातला कोड नव्या फाइलला लावला की हेडरमध्येच गाडी घसरते: पाचव्या आवृत्तीत आवृत्तीच्या आकड्यानंतर पत्त्याचा आकार आणि सेगमेंट सिलेक्टरचा आकार असे दोन बाइट जास्तीचे आले आहेत, आणि फाइलींची टेबल पूर्ण वेगळ्या पद्धतीने लिहिली जाते. आधी कोणकोणते रकाने कोणत्या फॉर्ममध्ये येणार ते सांगितलेलं असतं, मग त्या क्रमाने नोंदी. एमडी५ (फाइलचा चेकसम) नको असला तरी त्याचे सोळा बाइट ओलांडावेच लागतात.

हेडर वाचून झालं की स्वतःच्या मोजणीवर विसंबू नका. हेडरमध्येच ‘हेडर लेंग्थ’ असते. ती जिथे संपते तिथून प्रोग्रॅम सुरू होतो. तुमचा कर्सर आणि हा आकडा जुळतो का ते तपासा. जुळला नाही तर तिथेच एरर देऊन थांबा. हा एक तपास लावला की पुढचे अर्धे घोळ जन्मालाच येत नाहीत.

आता खरी गंमत, स्पेशल ऑपकोड. हेडरमध्ये चार आकडे येतात: किमान इन्स्ट्रक्शन लांबी, लाइन बेस, लाइन रेंज आणि ऑपकोड बेस. लाइन बेस चिन्हवाला बाइट आहे, तो बिनचिन्हाचा वाचलात तर उणे ५च्या जागी २५१ मिळतो आणि फाइलमध्ये नसलेल्या ओळी दिसू लागतात. समजा बेस उणे ५, रेंज १४, ऑपकोड बेस १३, आणि समोर ७५ हा बाइट आला. ७५ वजा १३ म्हणजे ६२. ६२ला १४ने भागा: भागाकार ४, बाकी ६. ओळ पुढे सरकते उणे ५ अधिक ६, म्हणजे १. पत्ता पुढे सरकतो ४ गुणिले किमान इन्स्ट्रक्शन लांबी. मग एक नोंद. एका बाइटमध्ये इतकं सगळं.

यातला ‘गुणिले’ विसरू नका, हे मी ओरडून सांगतो. इंटेलवर किमान लांबी १ असते, त्यामुळे गुणाकार गाळलेला कोड लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅमला चोख उत्तरं देतो. एआरएमच्या फाइलीत तोच आकडा २ दिसतो. तिथे तोच ७५ पत्ता आठने पुढे नेतो, आणि गुणाकार नसेल तर फक्त चारने. फंक्शनच्या सुरुवातीचं उत्तर बरोबर येतं, पुढे पुढे ओळी चुकत जातात. उत्तर थोडंसं चुकीचं असल्यामुळे कोणाला संशयही येत नाही. पूर्ण चुकीचं उत्तर बरं, ते लगेच पकडलं जातं.

गुणाकारालाही एक अपवाद आहे. ऑपकोड ९, म्हणजे ‘फिक्स्ड अ‍ॅडव्हान्स पीसी’, याचा आकडा लेब१२८ नसून सरळ दोन बाइटचा असतो आणि तो गुणायचा नाही. रिस्क-व्हीच्या फाइलींमध्ये हा सतत भेटतो. ऑपकोड ८ला स्वतःचा आकडाच नाही. तो ऑपकोड २५५ने पत्ता जेवढा सरकला असता तेवढाच सरकवतो, वरच्या आकड्यांनी १७ एकक, आणि हे मात्र गुणायचं. नोंद करायची नाही, ओळही हलवायची नाही.

ऑपकोड बेस १३ असं कोडमध्ये ठोकून ठेवू नका. जुन्या फाइलींमध्ये १०ही दिसतो, आणि मग १०, ११, १२ हे स्पेशल ऑपकोड ठरतात. हेडरमधल्या लांबीच्या टेबलमुळे अनोळखी ऑपकोडचे किती लेब१२८ आकडे ओलांडायचे ते कळतं. ती टेबल ‘निरुपयोगी’ म्हणून वगळणारा कोड मी पाहिला आहे. पुढच्या आवृत्तीच्या फाइलीवर तो पडणार हे नक्की.

शून्य बाइट आला की एक्स्टेंडेड ऑपकोड: मग लांबी, मग खरा ऑपकोड. माहीत नसेल तर लांबीइतकं पुढे जा. त्यातला १ म्हणजे सीक्वेन्स (सलग पत्त्यांच्या नोंदींचा एक गट) संपली. त्या वेळचा पत्ता शेवटच्या इन्स्ट्रक्शनच्या *पुढचा* असतो. तो कोणत्याही ओळीचा धरायचा नाही. त्यानंतर सगळी रजिस्टर पुन्हा मूळ स्थितीला आणा.

फाइल क्रमांकाचा सापळा वेगळाच आहे. चौथ्या आवृत्तीपर्यंत टेबल १पासून मोजतात, पाचवीत ०पासून. जीसीसीच्या पाचव्या आवृत्तीच्या टेबलमध्ये ० आणि १ या दोन्ही जागी बहुधा तीच मुख्य फाइल असते. त्यामुळे जुन्या सवयीने एक वजा करणारा कोड एका फाइलच्या टेस्टमध्ये पास होतो. मग हेडर फाइलमधला इनलाइन कोड आला की ‘मेन डॉट सी’मधली अशी ओळ सांगतो जिथे नुसता ब्रेस असतो. टेस्टसाठी किमान दोन हेडर असलेली फाइल घ्या.

पत्ता शोधणे

सगळ्या नोंदी एकत्र सॉर्ट करू नका. एका सीक्वेन्सचा शेवट आणि दुसरीची सुरुवात एकाच पत्त्यावर येते, आणि सॉर्ट केल्यावर कोण आधी, कोण नंतर याचा भरवसा राहत नाही. प्रत्येक सीक्वेन्सची सुरुवात आणि शेवट वेगळा ठेवा, आधी सीक्वेन्स शोधा, मग तिच्या आत. एकाच पत्त्यावर अनेक नोंदी असतील तर शेवटची घ्या. ओळ ० आली तर तो कंपाइलरने स्वतः घातलेला कोड, घाबरू नका.

‘-एफफंक्शन-सेक्शन्स’ आणि ‘--जीसी-सेक्शन्स’ वापरत असाल (एम्बेडेडवाले सगळेच वापरतात), तर लिंकरने टाकून दिलेल्या फंक्शनच्या सीक्वेन्स डीबग माहितीत तशाच राहतात. जीएनयू लिंकर त्यांचा पत्ता ० करून ठेवतो. फ्लॅश ०८०००००० हेक्सला सुरू होणाऱ्या एसटीएम३२वर हे खपून जातं. एनआरएफ५२सारख्या चिपवर फ्लॅश शून्यापासूनच सुरू होते, आणि तिथे एखादं न वापरलेलं मोठं फंक्शन खऱ्या कोडच्या डोक्यावर येऊन बसतं. लिंकरच्या सिंबॉल टेबलशी ताडून पाहा. ज्या सीक्वेन्सच्या सुरुवातीला कोणतंही फंक्शन नाही ती फेका.

आता एसएमएसमधले दोन आकडे. कॉर्टेक्स-एम फॉल्टच्या वेळी आठ शब्द स्टॅकवर ढकलतो: आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी आणि एक्सपीएसआर. यातला पीसी आहे तसा शोधा. एलआर तसा शोधू नका. त्याचा सगळ्यात खालचा बिट थम्बची (एआरएमच्या छोट्या इन्स्ट्रक्शनच्या संचाची) खूण म्हणून लागलेला असतो, तो काढा. वर तो परतीचा पत्ता आहे, म्हणजे कॉलच्या *नंतरची* इन्स्ट्रक्शन. त्यातून एक वजा करून शोधा. एलआर ०८००१४२७ आला तर बिट काढून ०८००१४२६, आणि शोधायचा ०८००१४२५. हे न केल्यास ‘फंक्शन कॉलच्या पुढच्या ओळीवर क्रॅश’ असा अहवाल जातो आणि दोन इंजिनिअर निर्दोष ओळीकडे टक लावून बसतात. बस फॉल्ट ‘इम्प्रिसाइज’ (चूक उशिरा कळलेला) असेल तर पीसीही थोडा पुढचा असू शकतो. तेवढ्यापुरतं वरच्या चार-सहा ओळींकडेही बघा.

फंक्शनचं नाव हवं असेल तर

मग ‘.डीबग_इन्फो’. युनिटच्या (एकदा कंपाइल केलेल्या एका सोर्स फाइलच्या माहितीच्या) हेडरमध्ये चौथ्या आवृत्तीत आधी अ‍ॅब्रेव्ह ऑफसेट आणि मग पत्त्याचा आकार येतो. पाचवीत आधी युनिटचा प्रकार, मग पत्त्याचा आकार, मग ऑफसेट. प्रत्येक नोंदीचा आकार अ‍ॅब्रेव्ह टेबलमधल्या फॉर्मवरून ठरतो, म्हणून नको असलेल्या फॉर्मचीही लांबी माहीत हवी. अनोळखी फॉर्म आला की थांबा, अंदाज लावू नका. ‘हाय पीसी’ पत्त्याच्या फॉर्ममध्ये असेल तर फंक्शन संपतं त्याच्या लगेच पुढचा पत्ता, साध्या आकड्याच्या फॉर्ममध्ये असेल तर लांबी. ‘रेफ४’ (दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवणारा ऑफसेट) युनिटच्या हेडरच्या सुरुवातीपासून मोजा. क्लँगच्या पाचव्या आवृत्तीत नाव हे ‘एसटीआरएक्स’ क्रमांक म्हणून येतं आणि त्याला लागणारा बेस त्याच नोंदीत पुढे येऊ शकतो. म्हणून युनिटची पहिली नोंद दोनदा वाचा, एकदा बेससाठी आणि एकदा नावांसाठी.

इनलाइन झालेल्या फंक्शनला कोणी बोलावलं हे लाइन टेबल सांगत नाही. ते ‘इनलाइन्ड सबरूटीन’च्या नोंदीतून, कॉल फाइल आणि कॉल लाइनमधून मिळतं. ‘-ओएस’ने (कोडचा आकार कमी ठेवून) बिल्ड करणाऱ्यांना हे लागतंच.

तपासणी

टेक्स्ट सेक्शनमधला प्रत्येक दुसरा बाइट घ्या, त्याचं उत्तर तुमच्या कोडकडून आणि ‘अ‍ॅडर२लाइन’कडून घ्या आणि डिफ करा. हे ऑफिसच्या मशीनवर करायचं, जिगवर नाही. फरक दिसला तर ‘एलएलव्हीएम-ड्वार्फडंप’ला ‘--डीबग-लाइन’ लावून तो पत्ता बघा. त्याचं आणि ‘अ‍ॅडर२लाइन’चं उत्तर जुळत असेल तर बग तुमच्याकडे आहे. जीसीसी आणि क्लँग, चौथी आणि पाचवी आवृत्ती, एआरएम आणि इंटेल अशा आठही जोड्यांवर डिफ रिकामा येईपर्यंत कोड जिगवर नेऊ नका.