मॅक बरोबर, तरी आयपी भलताच: डीएचसीपी रिझर्व्हेशन करताना या चुका टाळा

डीएचसीपी सर्व्हर नेटवर्कवरच्या मशीनना आयपी पत्ते वाटतो; नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता ओळखून एखाद्या मशीनला कायम तोच आयपी द्यायची नोंद म्हणजे रिझर्व्हेशन. "मॅक टाकला, सर्व्हिस रीस्टार्ट केली, तरी प्रिंटर आपला जुन्या .१०४ वरच!" अशी तक्रार आली की मी कॉन्फिग फाइल नंतर उघडतो, आधी सर्व्हरचा लॉग. मशीनने सर्व्हरला आपली ओळख काय सांगितली, ते तिथेच कळतं.

स्टिकरवर विसंबून मी एकदा चांगलाच फसलोय. प्रिंटरच्या पाठीवरचा मॅक टॉर्च मारून उतरवला, दोनदा ताडून पाहिला. लॉगमध्ये मात्र डिस्कव्हर (आयपी मागणारा संदेश) येत होतं वेगळ्याच मॅकवरून. स्टिकर लॅन पोर्टचा होता आणि प्रिंटर चालत होता वायफायवर! लॅपटॉपचंही तेच: लॅनचा मॅक वेगळा, वायफायचा वेगळा, डॉक लावला तर बहुधा तिसराच. म्हणून मॅक हाताने उतरवूच नका, लॉगमधून कॉपी करा. ८ आणि बी यांची गल्लतही मग होत नाही.

फोनचा प्रश्न निराळा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायवर खरा मॅक न देता बनावट देतात. ओळखायची खूण सोपी आहे: मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो कारखान्यातून आलेला नाही. (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या केव्हीएमची ५२:५४:०० ही सुरुवातही त्याच जातीची.) त्या नेटवर्कपुरती फोनमधली ही सोय बंद करायची.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते उबुंटू सर्व्हर. नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) मागचं सिस्टमडी-नेटवर्कडी मॅकऐवजी मशीन-आयडीवरून (त्या इन्स्टॉलेशनच्या ओळख क्रमांकावरून) बनवलेला क्लायंट आयडी पाठवतं. विंडोज सर्व्हरचं डीएचसीपी रिझर्व्हेशन जुळवताना हा आयडीच बघतं, त्यामुळे मॅक अगदी अचूक असूनही जुळत नाही. त्यात व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) क्लोन केली असेल तर मशीन-आयडीही तोच, आणि दोन मशीन एकाच आयपीवर भांडत बसतात. नेटप्लॅनमध्ये 'डीएचसीपी-आयडेंटिफायर' ला 'मॅक' लिहा. क्लोन असेल तर मशीन-आयडीही नव्याने बनवा.

रेंजचा नियम सगळीकडे सारखा नाही. आयएससीच्या डीएचसीपीडी या सर्व्हरमध्ये राखीव आयपी डायनॅमिक रेंजच्या (कुणालाही वाटायच्या पत्त्यांच्या) बाहेर ठेवायचा, नाहीतर तो दुसऱ्यालाही दिला जाऊ शकतो. विंडोजमध्ये उलट, तो स्कोपच्या (सर्व्हरला दिलेल्या पत्त्यांच्या पट्ट्याच्या) आत घेतात. डीएनएसमास्क या छोट्या सर्व्हरला दोन्ही चालतं. आयएससीच्या डीएचसीपीडीची देखभाल २०२२ मध्ये थांबली, त्यामुळे नवीन उभारणी असेल तर सरळ त्यांचाच नवा सर्व्हर केआ घ्या.

सगळं बरोबर करूनही फरक दिसत नसेल तर लीजकडे (आयपी किती काळासाठी दिलाय त्या मुदतीकडे) बघा. मशीन लीजचा अर्धा काळ संपल्यावरच सर्व्हरकडे परत येतं. विंडोज सर्व्हरची मूळ लीज ८ दिवसांची, म्हणजे रीस्टार्ट किंवा रिन्यू केलं नाही तर ४ दिवस काही हलणार नाही. तोवर लोक कॉन्फिग चारदा बदलून मोकळे होतात.

आणि लॉगमध्ये डिस्कव्हर दिसतंय, आपण ऑफर (आयपी देऊ करणारं उत्तर) देतोय, पण मशीन ती घेतच नाही? मग त्या मशीनवर 'आयपीकॉन्फिग /ऑल' चालवून डीएचसीपी सर्व्हरची ओळ वाचा. एका ऑफिसात तिथे १९२.१६८.०.१ निघाला. शोधत गेलो, तर कोपऱ्यातल्या टेबलाखाली कुणीतरी घरचा राउटर आणून लावलेला. आपली केबल त्याच्या लॅन पोर्टात, आणि तो बिनदिक्कत सगळ्या मजल्याला आयपी वाटत होता.