कल्पित पदार्थ घडवताना आधी लाख आठवा

कल्पनारम्य कथेसाठी जगावेगळा पदार्थ हवा असेल तर त्याला दहा शक्ती देऊ नका. एकच गुण द्या आणि त्या गुणाची अडचणही तेव्हाच ठरवा. मला यासाठी लाखेइतका चांगला नमुना दुसरा सापडलेला नाही. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर इवलेसे किडे ती स्रवतात. निखाऱ्यावर धरली की मऊ पडते, कारागीर तिला ओढून, लाटून बांगडीचं वळण देतो, गार होताच ती कडक होते; पण आपटली तर तडकते. शिवाय पेट घेते. लाक्षागृहाचा सगळा डाव तेवढ्यावरच तर रचलेला होता!

आता यातली एकच गोष्ट बदला. समजा, तुमच्या जगातला डिंक उष्णतेने नाही, चांदण्याने वितळतो. मग अमावास्येला भक्कम असलेला पूल पौर्णिमेला धोक्याचा. राखणदार तिन्हीसांजेला प्रत्येक सांध्यावर घोंगडी टाकत फिरतील. डिंक गोळा करणाऱ्या बाईच्या नखांत तो दिवसभर घट्ट बसेल आणि रात्री अंगणात आल्यावर सुटेल. चोर पौर्णिमेची वाट पाहतील. गुण समजावून सांगणारा परिच्छेद लिहूच नका. ती घोंगडी आणि ती नखं दाखवा, वाचकाला पदार्थ आपोआप कळतो. आणि नाव? गोळा करणाऱ्यांच्या तोंडी सहज बसेल असं, दोन-तीन अक्षरी ठेवा. दरबारातलं भारदस्त नाव नंतर सुचलं तरी चालतं.