नागपूरच्या घरात एसी आणि कूलर आवाजावर कसा लावायचा

एप्रिल लागला की मानेवाडा रोडच्या माझ्या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. कूलरचं गवत बदलून मागणारी जुनी, आणि ‘भाऊ, एसी बोलून चालू होते म्हणतात, आमच्याकडे करून द्या ना’ म्हणणारी नवी. या दुसऱ्या कामाला खरं तर मेकॅनिक लागत नाही. घरात एक जण थोडा शांत डोक्याचा असला की दुपारभरात होऊन जाते. कसं करायचं ते सांगतो.

पहिले एक गोष्ट डोक्यातून काढा. व्हिडिओत दिसते ती भिंतीवरची गोल चकती, म्हणजे स्मार्ट थर्मोस्टॅट, मागवू नका. ती अमेरिकेतल्या घरांसाठी आहे. तिथे अख्ख्या घराला एकच भट्टी आणि एकच गारव्याचं यंत्र असते, हवा डक्टमधून खोल्यांत जाते आणि भिंतीत २४ व्होल्टच्या बारीक तारा आलेल्या असतात. चकती त्या तारांवर बसते. आपल्या स्प्लिट एसीला तशा तारा नाहीत, त्याचा थर्मोस्टॅट त्याच्या पोटातच आहे. आपल्याला फक्त त्याच्यापर्यंत निरोप पोचवायचा आहे, आणि त्याला लागतो एक आयआर ब्लास्टर, म्हणजे मुठीएवढा डबा जो रिमोटसारखे सिग्नल सोडतो. खोलीचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारा सेन्सर असलेला घ्या, पुढे कामी येतो. एसीत वायफाय आधीच असेल तर हा डबाही नको, कंपनीचं ॲप पुरते. कूलरसाठी स्मार्ट प्लग, म्हणजे ॲपवरून वीज चालू-बंद करणारा प्लग, आणि बोलायला स्पीकर, अलेक्साचा किंवा गूगलचा. नवीन एसी घेणार असाल तर खोक्यावर ‘मॅटर’चं चिन्ह आहे का ते बघा. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून केलेली ती पद्धत आहे, आणि ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीपासून तिच्यात खोलीचे एसीही आले.

वायफायवर बहुतेक जण अडकतात. हे स्वस्तातले डबे आणि प्लग २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात. फायबरवाल्याने बसवलेला राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने दाखवतो, मोबाइल ५ वर चढतो आणि ॲप ‘उपकरण सापडलं नाही’ म्हणत बसते. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोघांना वेगळी नावं द्या, किंवा जोडणी होईपर्यंत ५ वाला बंद ठेवा. जोडताना मोबाइलचं लोकेशन आणि ब्लूटूथ चालू ठेवा. डब्याचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं, मग ॲपमध्ये अधिकच्या खुणेवर जाऊन उपकरण जोडायचं. आणि राउटरला छोटा यूपीएस लावून टाका. मे महिन्यात वादळ आलं की लाइट जाते, आल्यावर राउटर उठायला वेळ घेतो आणि तोवर स्पीकर नुसता माफी मागत राहतो.

आता एसी. डबा अशा जागी ठेवा की त्याला एसीचं तोंड दिसेल. आयआर म्हणजे उजेडच, फक्त आपल्या डोळ्याला न दिसणारा. कपाटात, टीव्हीच्या मागे, पडद्याआड ठेवलात तर जाणार नाही. ॲपमध्ये रिमोट जोडताना एसीची कंपनी निवडा, मग ते एकामागून एक कोड चालवून बघायला सांगते. एसी ‘टीं’ वाजला म्हणून लगेच हो म्हणू नका. तापमान वर-खाली करून बघा, स्विंग हलतो का बघा, पंख्याचा वेग बदलतो का बघा. नुसत्या चालू-बंदवर निवडलेला कोड पुढे २४ सांगितल्यावर भलतंच काही करतो.

एसीचं रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखं काम करत नाही. टीव्हीला ‘आवाज वाढव’ एवढंच जाते. एसीच्या रिमोटचं कोणतंही बटण दाबा, ते दरवेळी पूर्ण निरोप पाठवते: चालू, कूल मोड, २६ अंश, पंखा मध्यम, स्विंग बंद. आणि एसी उलट काही कळवत नाही, ‘टीं’ हीच काय ती पोच. म्हणून बाबूजींनी हातातल्या रिमोटने एसी बंद केला तर ॲपमध्ये तो चालूच दिसते. यात बिघाड काही नाही. बोलताना नुसतं ‘चालू करो’ म्हणण्यापेक्षा तापमानासकट सांगा, म्हणजे सगळा निरोप नव्याने जातो आणि सगळं जागेवर येते.

यादीत कंपनी सापडलीच नाही तर ‘शिकवण्याची’ सोय वापरा. जुन्या रिमोटवर आधी २६, कूल, मध्यम पंखा असं लावून घ्या, मग रिमोट डब्याच्या तोंडाशी धरून तो एक निरोप शिकवा. असे दोन-तीन निरोप पुरतात: २४, २६ आणि बंद. हे शिकवलेले निरोप स्पीकरला बहुधा एसी म्हणून दिसत नाहीत, म्हणून ॲपमध्ये प्रत्येकाचा एक ‘सीन’ बनवून तो आवाजाला जोडावा लागते.

एसीला स्मार्ट प्लगने बंद-चालू करायचा विचार करू नका. चालता एसी मेनमधूनच तोडणं कॉम्प्रेसरला बरं नाही, आणि पुष्कळ एसी वीज परत आली तरी रिमोटशिवाय उठत नाहीत.

स्पीकरशी गाठ घालणं सगळ्यात सोपं. अलेक्साच्या ॲपमध्ये स्किल्समध्ये जाऊन डब्याच्या ॲपचं नाव शोधा, एनेबल करा, त्याच खात्याचा पासवर्ड टाका, मग उपकरणं शोधायला सांगा. गूगल होममध्ये अधिकच्या खुणेवरून उपकरण जोडायला जा आणि गूगल होमसोबत चालणाऱ्या ॲप्सच्या यादीतून तेच ॲप जोडा. दोन्हीकडे मोबाइलवरचं खातं घरातल्या कायम राहणाऱ्या माणसाचं असू द्या. पुण्याला शिकणाऱ्या पोराच्या खात्यावर सगळं जोडलं की तो पासवर्ड बदलतो आणि इकडे नागपुरात महाल भागातल्या घरात एसी मुका होतो.

नाव ठेवणं

माझ्या मते अर्धं काम इथेच आहे, आणि लोक इथेच घाई करतात. ॲप स्वतःहून ‘स्मार्ट आयआर’ आणि पुढे चार अक्षरं असं काहीतरी नाव देते. ते कोण बोलणार? अलेक्साला मराठी येत नाही, आपल्याकडे ती इंग्रजी आणि हिंदी ऐकते. नागपुरात हे अडत नाही, सीताबर्डीला भाजी घेतानाही आपण हिंदीतच सुरू होतो. पण घरात जो माणूस उठून रिमोट शोधू शकत नाही, ज्याला रिमोटवरचे बारीक आकडे दिसत नाहीत, त्याच्या जिभेवर बसेल असंच नाव द्या. एका घरी आजी म्हणाल्या, ‘मले ते बेडरूम-फिडरूम म्हणता येत नाही रे बाबू, मी एसीले एसीच म्हणतो.’ मग त्यांच्या खोलीतला ‘एसी’ आणि मुलाच्या खोलीतला ‘ऊपर वाला’. दोन्ही नावं दुरून सारखी ऐकू येत नाहीत, हे महत्त्वाचं. ‘हॉल एसी’ आणि ‘छोटा हॉल एसी’ असं ठेवलं की पंखा जोरात असताना हमखास चुकीचा चालू होते.

नाव ठेवलं की ज्याच्यासाठी केलं त्याच्याच तोंडून बोलवून बघा, नेहमीच्या जागेवरून, कूलर सुरू असताना. ‘एलेक्सा, एसी छब्बीस पर करो.’ कळलं नाही तर माणसाला सुधारू नका, नाव बदला. वाक्यच जमत नसेल तर अलेक्सात रूटीन करा: ‘गरमी हो रही है’ एवढं म्हटलं की एसी २६ वर चालू. माझ्या अनुभवात साठीच्या पुढच्या मंडळींना हेच आवडते, कारण ते आकडे सांगतच नाहीत, तक्रार सांगतात.

कूलर

विदर्भात एसी असला तरी कूलर सुटत नाही, आणि सुटूही नये. एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की ओल्या गवतातून आलेला वारा खरंच गार लागतो, आणि वीज एसीच्या मानाने किती तरी कमी जाते. कूलर आवाजावर लावायला तो फिरत्या बटणाचा हवा. बटण ‘चालू’वर ठेवून प्लगमधून वीज दिली की तो सुरू झाला पाहिजे. टच पॅनल असलेला कूलर वीज आल्यावर झोपलेलाच राहतो, त्याला प्लगचा उपयोग नाही. त्याच्यासोबत रिमोट आलं असेल तर तेही आयआर डब्याला शिकवा.

पंप आणि पंख्याच्या वायरी वेगळ्या असतील तर दोन प्लग लावा, आणि पंपाला ‘पानी’ असं नाव द्या, ‘कूलर पंप’ नको. मग रूटीन असं: ‘पानी’ चालू, पाच मिनिटं थांबणं, मग ‘कूलर’ चालू. गवत भिजायच्या आधी पंखा फिरला तर बाहेरचीच झळ आत येते. बंद करताना उलटं, आधी पंप, दहा मिनिटांनी पंखा, म्हणजे गवत थोडं सुकते आणि वास मारत नाही. टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी कमी झालं की आपोआप भरणारा नळ, लावलेला बरा. आवाजावर चालणाऱ्या कूलरकडे जाऊन कोणी बघत नाही, आणि पाणी संपल्यावर कोरडा फिरलेला पंप जळतो.

आता जे सांगतो ते वगळू नका. कूलरने शॉक लागून माणसं दर उन्हाळ्यात जातात, आणि आवाजावर लावलेल्या कूलरमध्ये एक नवा धोका येतो. तुमचा हात टाकीत असताना आतल्या खोलीतून कोणीतरी सहज ‘कूलर चालू करो’ म्हणू शकते, नाही तर ठरवलेली वेळ होऊ शकते. म्हणून पाणी भरताना, गवत बदलताना पिन सॉकेटमधून बाहेर काढायची. ॲपमध्ये ‘बंद’ दिसते म्हणजे करंट नाही, असं समजू नका. स्मार्ट प्लग साधारण एकच तार तोडतो, आणि घराच्या बोर्डात तारा उलट्या असतील तर पत्र्याच्या कूलरपर्यंत फेज तसाच पोचलेला असतो. तीन पिनचीच वायर, अर्थिंग तपासलेली, आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. हे नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, स्पीकर नंतर आणा. प्लगच्या सेटिंगमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं हेही विचारते, तिथे कूलरसाठी ‘बंद’ निवडा.

वेळ आणि सेन्सर

भारतात १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगचे खोलीचे एसी सुरू होतानाच २४ अंशांवर येतात, तसा नियमच झाला. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा हिशेब असा की एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. लोक मात्र उन्हातून आले की १८ म्हणतात. १८ सांगून खोली लवकर गार होत नाही, एसी फक्त जास्त वेळ जोरात चालत राहतो. रात्रीसाठी मी साधारण असं लावून देतो: झोपताना २५, मध्यरात्रीनंतर २७, पहाटे एसी बंद आणि छताचा पंखा. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत पहाटेचं बंद करणं काढून टाका, तेव्हा रात्रीही भिंती तापलेल्या असतात.

सेन्सरवरून एसी चालवायचा असेल तर चालू करण्याचा आणि बंद करण्याचा आकडा एकच ठेवू नका. ३१ ला चालू आणि २७ ला बंद असं अंतर द्या, नाही तर तो दर थोड्या वेळाने चालू-बंद होत बसते. इन्व्हर्टर एसी असेल तर बंद करायचा नियमच नको, तो स्वतःचा वेग कमी करतो. आणि सेन्सर कुठे ठेवला त्यावर सगळं अवलंबून आहे. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्यानेच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तुमचा डबा पश्चिमेच्या भिंतीवर, फ्रिजच्या वर किंवा टीव्हीला टेकून असेल तर घरातही तेच होणार. आतल्या भिंतीवर, छातीएवढ्या उंचीवर, एसीचा झोत थेट लागणार नाही असा ठेवा.

आर्द्रतेचा आकडा जूनमध्ये कामाचा. मृगाचा पाऊस पडून गेला की कूलर नुसती चिकचिक करतो. सेन्सर ६० टक्क्यांच्या वर दाखवायला लागला की मी कूलरचं रूटीन बंद करायला सांगतो आणि ‘गरमी हो रही है’ला एसीचा ड्राय मोड, म्हणजे हवेतला ओलावा काढणारा, जोडून देतो. वाक्य तेच राहते, आजींना काही नवीन शिकावं लागत नाही.

इंटरनेट गेलं की आवाज गेला, म्हणून रिमोट फेकू नका, दाराजवळ खिळ्याला अडकवून ठेवा आणि त्याचे सेल वेळेवर बदला. कूलर माळ्यावर टाकताना प्लग ॲपमधून काढू नका, नुसत्या ठरवलेल्या वेळा बंद करा. नाव आणि जोडणी तशीच राहते. एप्रिलमध्ये नवं गवत बसवलं, पिन लावली, की परत चालू.