तालुक्याच्या गावाचा पॉडकास्ट करताना

मी विट्याचा. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचं हे मुख्य गाव, २०११ च्या जनगणनेत ५० हजारांच्या आतलं. गुहागर-विजापूर रस्ता गावातून जातो. यंत्रमाग आहेत, पोल्ट्री आहे, आणि प्रत्येक गल्लीतलं कुणी ना कुणी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या, धंद्यात परमुलखात असतं. इथल्या राजकारणावर, धंद्यांवर आणि माणसांवर मी दर आठवड्याला अर्ध्या तासाचा पॉडकास्ट करतो. पलूस, कडेगाव, आटपाडीकडची पोरं-पोरी आता विचारायला लागलीत, आम्हालाही करायचाय, सुरुवात कुठनं करू? फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगतो ते एकदा नीट लिहून काढतोय.

पहिली गोष्ट, सुरुवात पुढाऱ्यापासून करू नका. मी केली होती. पाहुणे दोन कार्यकर्ते घेऊन आले, प्रश्नांची यादी आदल्या रात्रीच मागवून घेतली होती, आणि एक तास दहा मिनिटं जे बोलले ते सगळं चौकातल्या फ्लेक्सवर आधीच छापलेलं होतं. दोष त्यांचा नव्हता. मी विचारलंच होतं, "गावाच्या विकासाबद्दल काय सांगाल?" अशा प्रश्नाला असंच उत्तर येणार. दुसरा भागही तसाच गेला.

तिसऱ्या भागासाठी मी ओळखीच्या एका माग-शेडमध्ये गेलो. कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या आडव्या सुताच्या नळ्या, भरणाऱ्या एका मावशींशी बोलायचं होतं. चोवीस मागांचा खडखडाट, त्यात माइक त्यांच्या पदराला लावलेला. त्या बोलत होत्या ते मला हेडफोनमध्येही कळत नव्हतं. मी नुसता मान हलवत होतो. तेवढ्यात लाईट गेली. शेड एकदम गप्प झालं. पट्टे थांबले, कापसाची तूस उन्हाच्या तिरपीत तरंगत राहिली. मावशींनी हातातली कांडी मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "हं, आता विचार बाबा काय ते."

मी घाईत विचारलं, "मावशी, गेल्या आठवड्यात हातात किती पडले?" आणि त्यांनी हिशोब सांगायला सुरुवात केली. सोमवारी किती तास लाईट होती, सूत खराब आल्यानं किती वेळ तुटत राहिलं, उचल किती कापली गेली, उरलेल्यातनं रेशन किती आणि भिशीचे किती. लाईट नाही तर माग नाही, माग नाही तर कांडी नाही, कांडी नाही तर पैसे नाहीत. मालकही तिथेच उभे होते, तेही बोलायला लागले. ते खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे. त्यांची मजुरी पिकावर ठरते, कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती बसतात त्यावर. व्यापाऱ्यानं पिकाचा दर खाली आणला की मावशींच्या भिशीपर्यंत ते कसं पोचतं, हे त्या वीस मिनिटांत दोघांच्या तोंडून आलं. लाईट आली तेव्हा माझं रेकॉर्डिंग झालं होतं.

त्या दिवसापासून माझे प्रश्न बदलले. "धंद्यात काय अडचणी आहेत?" हा प्रश्न मी टाकून दिला. त्याऐवजी विचारतो, काल दुकान किती वाजता उघडलं? पहिलं गिऱ्हाईक कोण? उधारीची वही किती जाड झालीय? पोल्ट्रीवाल्याला विचारतो, आज नेकचा, म्हणजे अंड्यांचे भाव जाहीर करणाऱ्या एनईसीसी या समितीचा, दर किती होता आणि तुमच्या शेडवरनं अंडी कितीला उचलली गेली? या दोन आकड्यांमध्ये जे अंतर असतं, तिथे भाग सापडतो. टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्याचंही तसंच. कऱ्हाडजवळ कृष्णेतलं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून आमच्या दुष्काळी भागात आणलं, दिवंगत आमदार अनिल बाबर यांचं नाव या योजनेशी कायमचं जोडलं गेलं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण शेतकऱ्याला विचारा, आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटलं, तुमच्या बांधापर्यंत कितव्या दिवशी पोचलं, पाणीपट्टी किती भरली, आणि पाणी यायच्या आधी त्या रानात काय होतं. मग योजनेचं मोठेपणही कळतं आणि राहिलेलं कामही कळतं.

असंच एक उदाहरण घंटागाडीचं. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत विटा देशात पहिलं आलं. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. सत्काराची भाषणं भरपूर झाली होती, म्हणून मी दोन सकाळ घंटागाडीच्या मागनं फिरलो. कुठल्या गल्लीत ओला-सुका वेगळा मिळतो, कुठे अजून एकाच पिशवीत येतो, हे गाडीवरच्या माणसाइतकं कुणाला माहीत असणार? तो भाग गावात सगळ्यात जास्त फिरला. आपापल्या गल्लीचं नाव येतंय का, हे लोक कान देऊन ऐकत होते.

आता कागदाचं. यावर जरा थांबतो, कारण इथे मी मोठी चूक केलीय. एका खेड्यातल्या गटारीच्या कामावर भाग केला आणि त्यात सांगितलं की या कामावर अमुक इतके लाख खर्च झाले. आकडा एका कागदावरचा होता, पण तो कागद अंदाजपत्रकाचा होता. निविदा त्याच्या बऱ्याच खाली गेली होती आणि बिल तर त्याहून कमी निघालं होतं. ठेकेदाराची मुलगी माझ्या बहिणीच्या वर्गात होती. दुसऱ्या दिवशी ती शाळेतनं रडत घरी गेली, हे मला बहिणीनं सांगितलं. मी तो भाग उतरवला, ठेकेदाराच्या घरी जाऊन माफी मागितली आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच चूक कुठे झाली ते सविस्तर सांगितलं. शहरातल्या पत्रकाराला बातमीतला माणूस परत भेटेलच असं नाही. आपल्याला तो संध्याकाळी दूध आणायला गेल्यावर भेटतो.

म्हणून कागदांची उतरंड आधी शिकून घ्या: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, देयक म्हणजे बिल. "खर्च झाला" हे शब्द देयक बघितल्याशिवाय तोंडातनं काढायचे नाहीत. ग्रामपंचायतीचा बराचसा हिशोब ई-ग्रामस्वराज पोर्टलवर घरबसल्या दिसतो. बाकीच्यासाठी माहितीचा अधिकार आहे. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत मांडायचा, उत्तराची मुदत ३० दिवस, प्रतीला पानामागे २ रुपये. "सर्व कामांची सर्व माहिती द्यावी" असं लिहिलंत तर काही हाती लागत नाही. कामाचं नाव, वर्ष आणि हवा तो कागद, एवढंच लिहा. आणि ग्रामसभेला जाऊन बसा. तिथे कोण उठून बोलतं, कोण बोलायला उठतं आणि परत बसतं, हे कुठल्याच इतिवृत्तात येत नाही. अब्रुनुकसानीचं कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६ क्रमांकाचं आहे, तेही एकदा वाचून ठेवा.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, रेडिओ आहे की. रेडिओचं काम मोठंच आहे. आमच्या माणदेशात म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून बायकांच्या, शेतकऱ्यांच्या आवाजात चालू आहे आणि मी तिच्याकडनं पुष्कळ शिकलो. पण सामुदायिक रेडिओ असो की खासगी एफएम, त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. म्हणजे नगरपरिषदेच्या सभेत काल काय झालं, हे गावच्या आवाजात ऐकायचं तर सध्या पॉडकास्टला पर्याय नाही. म्हणूनच मला हे काम जिवाभावाचं वाटतं.

निवडणुकीचा काळ वेगळा. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर जवळपास चार वर्षं प्रशासक होते, मग २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, आणि दुसऱ्या दिवशी व्हायची मतमोजणी न्यायालयाच्या आदेशानं २१ डिसेंबरवर गेली. त्या मधल्या दिवसांत पारावर, सलूनमध्ये, एसटी स्टँडवर दुसरा विषय नव्हता. मला रोज कुणीतरी म्हणायचं, "दादा, तुझा अंदाज टाक की." मी टाकला नाही. त्याऐवजी घरोघर चिठ्ठ्या वाटलेल्या पोराशी बोललो, आणि पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या एका ताईंशी, ज्यांना शपथपत्र भरायला तीन दिवस लागले होते. माझे नियम पक्के आहेत: आचारसंहिता लागली की कुठल्याही उमेदवाराकडनं किंवा त्याच्या पाहुण्याच्या दुकानाकडनंही जाहिरात घ्यायची नाही, प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांना सारखीच मिनिटं आणि सारखेच पाच प्रश्न, आणि प्रश्न आधी कुणालाही पाठवायचे नाहीत. एकानं नाही म्हटलं तर "त्यांनी नकार दिला" एवढंच सांगायचं, चिमटा काढायचा नाही.

तुमचा ऐकणारा कोण, हे लवकर ओळखा. मला वाटलं होतं गावातले ऐकतील. ऐकायला लागले गलाईवाले. आमच्या भागातली माणसं केरळपासून आसामपर्यंत जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायच्या धंद्यात आहेत. पोरगा मिसरूड फुटायच्या आत काकाच्या दुकानात जातो, भट्टी, मूस, तेजाब शिकतो, आणि गावाला येतो ते जत्रेला, लग्नाला, मतदानाला. एकदा तमिळनाडूतनं एका आबांचा फोन आला. मी एका भागात मागचा आवाज घासून-पुसून काढला होता. ते म्हणाले, "पोरा, स्टँडचा आवाज का काढलास? मी तेवढ्यासाठी दोनदा लावला असता." तेव्हापासून बोलणं कळेल एवढंच साफ करतो. गाडी लागल्याची घोषणा, भजीवाल्याची हाक राहू देतो. दसऱ्याला रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत असते, ती तर बिनानिवेदनाची लावतो. गुलाल दिसत नाही, पण धावणाऱ्या पायांचा आवाज ऐकू येतो.

साहित्याचं फार मनावर घेऊ नका. साधा फोन, वायरचा कॉलर माइक आणि गाद्या-गोधड्या रचलेली खोली पुरते. ऑडॅसिटी फुकट आहे. बोलणं मोनोमध्ये ६४ केबीपीएसवर काढलं तर अर्ध्या तासाची फाइल साधारण १४ एमबीची होते आणि व्हॉट्सॲपवरनं सहज जाते. आमच्याकडे भाग पसरतो तो व्हॉट्सॲपवरच. ॲप कुठलं, हे लोक विचारतही नाहीत. पैशाचं म्हणाल तर नोकरी सोडू नका. मी सकाळी हिशोबनिसाचं काम करतो. दोन-तीन दुकानांच्या जाहिराती मिळतात, त्यात पेट्रोल आणि नेटचा खर्च भागतो. जाहिरात आहे हे पहिल्या वाक्यात सांगा, आणि ज्याची जाहिरात त्याच्यावर भाग करू नका.

शेवटचं, भाग सोडायच्या आधी कुणाला ऐकवायचा? पुढाऱ्याला, अधिकाऱ्याला नाही. ते जाहीर बोलायला बसलेले असतात. पण ज्याचं पोट दुसऱ्याच्या हातात आहे, त्याला पूर्ण ऐकवायचाच. हे मी कांडीवाल्या मावशींकडनं शिकलो. त्यांनी सांगितलं म्हणून मी फोन घेऊन त्यांच्या घरी गेलो. चुलीपुढं बसून त्यांनी सगळा भाग ऐकला. मला वाटलं, मजुरीचं बोलणं काढायला सांगतील, कारण मालकही ऐकणार होते. त्या म्हणाल्या, "ते राहू दे, ते खरंय. फक्त पोरीचं नाव घेतलंय मी मधे, तेवढं काढ. तिचं लग्न ठरतंय." मी तिथेच, त्यांच्यासमोर, ती दोन सेकंदं कापली आणि पुन्हा पहिल्यापासून लावून दाखवलं.