कॅम्पर ट्रेलर घेऊन डोंगरातल्या आडवाटेने जायचं तर

डोंगरात जायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, "गाडी हा घाट चढेल का?" मागे कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीने ओढत न्यायचं झोपायचं छोटं घर, असेल तर त्याआधी विचारा, हा घाट नीट उतरता येईल का? चढताना इंजिन तापलं तर बाजूला थांबता येतं. उतरताना ब्रेक तापले तर थांबणंच हातात राहत नाही. मार्ग, दिशा, सामान, वेग, सगळं यावरूनच ठरवायचं.

आधी वजन

गाडी किती वजन ओढू शकते हे तिच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. रिकाम्या ट्रेलरच्या वजनावर हिशेब करू नका. पाणी, गॅस, बॅटरी, भांडी, अंथरुणं सगळं भरा आणि ट्रेलर काट्यावर न्या. 80 लिटरची टाकी भरली की 80 किलो वाढलेच. उंचावर हवा विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर 1000 मीटरला साधारण 10 टक्क्यांनी घटते. म्हणून मी मर्यादेच्या तीन-चतुर्थांशाच्या पलीकडे वजन जाऊ देत नाही.

मग नकाशा, आणि तो निवांतपणे

यासाठी एक अख्खी संध्याकाळ द्या. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवणारा नकाशा घ्या. रेषा जिथे एकमेकींना चिकटलेल्या आणि रस्ता त्यांना आडवा छेदून जातो, तिथे चढ तीव्र. खिंडीच्या दोन्ही बाजू ताडून पाहा. एक बाजू बहुधा दुसरीपेक्षा सौम्य असते. तीव्र बाजूने चढा, सौम्य बाजूने उतरा. दोन्ही सारख्याच असतील तर दृश्याचा विचार करा: वाहतूक डावीकडून असेल तिथे दरी डाव्या हाताला येईल अशी दिशा घ्या. थांबायच्या जागा आपल्याच बाजूला येतात, समोरून येणारी वाहनं ओलांडून पलीकडे जावं लागत नाही.

यानंतर उपग्रहचित्रात रस्ता वळणावळणाने बघा आणि गाडी व ट्रेलर मिळून जिथे फिरवता येतील अशा जागांवर खुणा करा. अरुंद पूल, कमी उंचीचे बोगदे, वजनाची मर्यादा हेही टिपून ठेवा. काही बोगद्यांत गॅस सिलिंडर न्यायला मनाई असते. मागे फिरायला जागा दिसत नाही त्या रस्त्यावर ट्रेलर न्यायचाच नाही. तो पायथ्याच्या तळावर उभा करा आणि नुसत्या गाडीने जाऊन या. मला तर सगळ्यात सुंदर आडवाटा अशाच बघायला मिळाल्या आहेत.

अॅप जो वेळ सांगेल त्याची दीडपट धरा आणि अंधाराच्या दोन तास आधी मुक्कामी पोहोचाल असं गणित मांडा. खिंड हंगामात बंद होते का, रस्ता खचला आहे का, हे निघण्याच्या आदल्या दिवशी स्थानिक लोकांकडून कळतं, तेवढं दुसरीकडून कळत नाही.

सामान भरताना

जड वस्तू तळाशी, चाकांच्या आसाच्या जवळ आणि किंचित पुढे ठेवा. बऱ्याच ट्रेलरमध्ये एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीमागच्या ट्रेलर अडकवायच्या जोडावर, यावा लागतो, पण हिचवर लिहिलेल्या मर्यादेच्या आतच. मागची बाजू जड झाली की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. तसं झालंच तर जोरात ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरा आणि अॅक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढा. सुरक्षा साखळ्या कपलरखाली (हिचवर बसणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या टोकाखाली) एकमेकींवरून फुलीसारख्या लावा. ट्रेलरची स्टेपनी वेगळी लागते, ती विसरू नका.

घाट उतरताना

8 टक्क्यांचा उतार 10 किलोमीटर चालला तर तुम्ही 800 मीटर खाली येता. गाडी आणि ट्रेलर मिळून 3 टन असतील आणि सगळा भार ब्रेकवरच टाकलात, तर 70 लिटर थंड पाण्याला उकळी येईल एवढी उष्णता ब्रेकमध्ये जिरवावी लागते. त्यात जुन्या ब्रेक ऑइलने ओल धरलेली असेल तर ते लवकर उकळतं, बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. निघण्याआधी ऑइल तपासून घ्या.

उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, मधे नाही. वेग इंजिनालाच धरू द्या. वाढला तर ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवा आणि पाय पूर्ण काढा. सतत हलका दाब ठेवू नका. एकदा लांब उतारावर मला जळक्या कापडासारखा वास आला. उतरून ट्रेलरच्या चाकाजवळ हात नेला, स्पर्श करायच्या आधीच झळ लागली. तासभर तिथेच थांबलो. तो वास आला की पुढच्या वळणाची वाट पाहायची नाही.

अरुंद वळणावर ट्रेलर आतल्या बाजूला कापतो, म्हणून गाडी आधी जरा बाहेरून न्या. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. हात ज्या बाजूला न्याल, ट्रेलरचं बूड त्याच बाजूला जातं. मोकळ्या मैदानात हे आधी हातात बसवून घ्या.

मुक्काम

गाडीपासून ट्रेलर सोडवण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. सुकलेल्या ओढ्याच्या पात्रात मुक्काम करू नका. पाऊस वरच्या डोंगरात पडतो आणि लोंढा खाली येतो. दर 1000 मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. थंडीत सिलिंडरमधला ब्युटेन गॅस शून्य अंशाच्या आसपासच वायू होणं थांबवतो, तिथे प्रोपेनच लागतो. आणि कितीही गारठा असला तरी ऊब मिळवायला आत शेगडी पेटती ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म उशाशी लावा आणि वरची झडप बोटभर उघडी ठेवा.