कुत्र्याची गोचीड ओळखताना या चुका टाळा

पाऊस ओसरून ऊन पडलं की आमच्या सिंधुदुर्गात लोक कुत्र्याच्या कानातल्या गोचिड्यांचे फोटो पाठवतात, ही कुठली जात सांगा म्हणून. बऱ्याचदा फोटोवरून सांगताच येत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आकार आणि रंग बघून जात ठरवणं. एरंडाच्या बीसारखी टम्म फुगलेली राखाडी गोचीड आणि तिच्या शेजारीच चिकटलेली चपटी तपकिरी, या दोन जाती आहेत असं लोक छातीठोकपणे सांगतात, पण ती एकाच जातीची मादी आणि नर असू शकतात. मादीची पाठीवरची टणक ढाल लहान असते, ती ताणत नाही, मागचं अंग फुगतं, नराची ढाल मात्र सगळी पाठ झाकते म्हणून तो फारसा फुगतच नाही. तेव्हा पोट सोडा आणि भिंगाखाली तोंडाकडचा भाग बघा. कुत्र्याची नेहमीची तपकिरी गोचीड, म्हणजे ऱ्हिपिसेफॅलस, तिच्या तोंडाचा बुडखा षटकोनी असतो आणि ढालीच्या कडेला डोळे असतात. हिमाफायसॅलिस या दुसऱ्या गटातल्या गोचिडीचा बुडखा चौकोनी, डोळे अजिबात नाहीत. काजूच्या बागेत, रानात फिरणाऱ्या कुत्र्यावर हीसुद्धा चढते, आणि हिच्यातलीच स्पिनिजेरा ही जात माकडताप हा विषाणूचा आजार पसरवते, त्यामुळे आमच्या जिल्ह्यातल्या दोडामार्ग-बांद्याकडच्यांनी तरी हा फरक शिकूनच घ्यावा. काढताना चिमटा वापरा, बोटांनी चिरडू नका. सहा पायांची बारीक दिसली तर तो वेगळा किडा नाही, गोचिडीचंच पिल्लू आहे.

मग काही जण म्हणतात डीएनए करू, विषय संपला. नाही संपत. 1806 मध्ये लात्रेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने तपकिरी गोचिडीला ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस हे नाव दिलं, पण वर्णन अगदी तुटपुंजं आणि मूळ नमुनाही हरवलेला, म्हणून जगभरातल्या तपकिरी गोचिड्या वर्षानुवर्षं या एकाच नावाखाली कोंबल्या गेल्या. 2018 मध्ये फ्रान्समधल्या गोचिडीला नवा प्रमाण नमुना, म्हणजे त्या नावाचा आधार, ठरवलं तेव्हा कुठे नाव जागेवर आलं, आणि उष्ण प्रदेशातल्या वंशाला आता लिनेई हे 1826 चं जुनं नाव परत मिळालंय. आपल्याकडची बहुतेक याच वंशात बसते. म्हणून 16एस या ओळखीसाठी वापरतात त्या जीनचं सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा क्रम, डेटाबेसमध्ये टाकून वर आलेलं पहिलं नाव उचलू नका, तिथे जुन्या नावाने टाकलेले सिक्वेन्स ढिगाने आहेत, आपलं सिक्वेन्स प्रमाण नमुन्याच्या सिक्वेन्सशी ताडून बघा.

पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया, येत नसेल तर आधी आठवा, गोचीड फुगलेली होती का? पोटातलं रक्त पीसीआर अडवतं आणि कुत्र्याचा डीएनएही मिसळतो, त्यापेक्षा एका बाजूचे दोन पाय कापून घ्या, बाकी अंग तसंच जपून ठेवा, म्हणजे निकालावर शंका आली तर तीच गोचीड परत भिंगाखाली घेता येते. आख्खी वाटून टाकली की संपलं, मग शरीर आणि जीन एकाच गोचिडीचे जुळवणार कसे? फॉर्मलिन तर नकोच, डीएनए खराब होतो, 95 टक्के इथेनॉल घ्या.

आणि चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका. मी एकदा बॉलपेनने लिहिलेली, शाई इथेनॉलमध्ये उतरली आणि अकरा बाटल्यांतली कुठली गोचीड कुठल्या वाडीतली हे शेवटपर्यंत कळलं नाही.